जमीन राहिली, पाणी कुठे आहे?

21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातल्या 22 गावांना सरकारने विचारलं, महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) जमीन द्यायला तुम्ही तयार आहात का? रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी गावोगाव मतदान घेतलं आणि मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी 'नाही' म्हटलं. पुढच्याच वर्षी भूसंपादन कायद्यातली दोन वर्षांची मुदत संपली. पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतल्या 45 गावांवर आखलेला रिलायन्सचा हा प्रकल्प मागे पडला. लढा जिंकला, अशी नोंद झाली, आणि ती खरी आहे.

जिंकलेल्या घरांचं पुढे काय झालं, यावर मात्र खाडीकाठच्या खारेपाटात दोन मतं आहेत आणि पुष्कळदा ती एकाच घरात नांदतात. खालचा संवाद अशा एका घरातल्या भावाबहिणीचा आहे. माणसं मी कल्पिली आहेत, त्यांचे मुद्दे मात्र त्या भागातल्या कुठल्याही ओटीवर ऐकू येतील असे आहेत. दादा पेणमधल्या वाशी भागात भातशेती करतो. सेझच्या लढ्यात तो पहिल्या मोर्चापासून होता. धाकटी बहीण, जिला तो बाय म्हणतो, रोह्याकडे दिलेली. तिच्या सासरी कालव्याखालची शेती आहे आणि मुलगा धाटावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला जातो. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून दोघांची नावं लागली. 2024 मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांसाठी नवनगराची अधिसूचना निघाली. तेव्हापासून खाडीकाठच्या गावांत जमिनीचे दलाल पुन्हा फिरू लागले आहेत.

बाय : दादा, आधीच सांगते, जमीन विकून टाक म्हणायला मी आलेली नाही. पण दर वेळी लढ्याची गोष्ट तू सांगतोस, घराची कोणीच सांगत नाही. आज ती मी सांगणार.

दादा : सांग ना. घर राहिलं तेच लढ्यामुळे. एन. डी. पाटलांसारखा माणूस उतारवयात आपल्यासाठी उपोषणाला बसला, कारण त्यांना कळत होतं की शेतकऱ्याची जमीन गेली की तो परत उभा राहत नाही. शेजारच्या उरणात जानेवारी 1984 मध्ये काय झालं, आठव. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या मागे माणसं जासई परिसरात रस्त्यावर उतरली आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं. या जिल्ह्यात मागितल्याशिवाय आणि मार खाल्ल्याशिवाय शेतकऱ्याला काही मिळालेलं नाही.

बाय : खोटं कुठे म्हणतेय मी? पण मार कोणी कसा खाल्ला, तेही सांग. 2006 पासून 2009 पर्यंत तू किती रात्री घरी होतास? आज पेणला सभा, उद्या अलिबागला मोर्चा, परवा मुंबईला धरणं. वहिनी हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यात रंगकामाला जायची, ते याच दिवसांत. सकाळी भाकऱ्या थापून जायची आणि अंधार पडल्यावर यायची. मूर्तींवर हात फिरवून तिची बोटं पांढरी पडायची. घरात आलेला नगद पैसा तेवढाच होता. लढ्याच्या इतिहासात तिचं नाव कुठे आहे?

दादा : नाही, आणि असायला हवं. त्या बाबतीत तुझं मी ऐकतो. पण हे काही आपल्याच घरात घडलं नाही. चरीचा संप घे. 27 ऑक्टोबर 1933 ला अलिबाग तालुक्यातल्या 25 गावांनी खोताची जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि नारायण नागू पाटलांच्या मागे सहा वर्षं नांगर धरला नाही. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले. पुढे कुळाला कायद्यात जागा मिळाली, खोती गेली, जमीन कसणाऱ्याच्या नावावर आली. आज तुझं-माझं नाव ज्या सातबाऱ्यावर आहे ना, तो त्या सहा वर्षांतून आलेला आहे.

बाय : मग सहा वर्षं चूल कशावर पेटली, तेही त्याच सातबाऱ्यात लिही. बायकांनी रानातून मोळ्या आणल्या, विकल्या, खाडीत हात घालून मासळी काढली. चरीच्या लोकांना निदान एवढं माहीत होतं की संप कधीतरी मिटेल आणि आपण शेतात परत जाऊ. तुमच्या लढ्यात घराला काय माहीत होतं? जमीन संपादनाच्या यादीत. विहीर खणायची तर खणू नका, उद्या जाणार आहे. बांध दुरुस्त करायचा तर सरकार म्हणतं, कशाला, प्रकल्प येतोय. पोरीचं स्थळ बघायला आलेले पाहुणे विचारायचे, जमीन देणाऱ्यांतले की न देणाऱ्यांतले? प्रकल्प गेला, पण ही वर्षं घरातून वजाच झाली.

दादा : आणि विकली असती तर? 2010 च्या सप्टेंबरात पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि जवळजवळ दोन लाख ठेवीदारांचा पैसा अडकला. त्यात रस्त्याला, कारखान्याला जमिनी देऊन पैसा ठेवणारेही होते, गणपती कारखानदार होते, मोलमजुरी करणाऱ्या बाया होत्या. पंधरा वर्षं मोर्चे काढताहेत बिचारे. रोख पैसा आपल्या हातात टिकत नाही, बाय. गाडी येते, स्लॅबचं घर येतं, लग्न मोठं होतं आणि दहा वर्षांत त्याच घरातला पोरगा त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक होतो.

बाय : माझा पोरगा गेटच्या आत आहे, पण ठेकेदाराच्या हजेरीवर. कायम होईल म्हणून मीही वाट बघतेय. तेव्हा कारखाना आला की घर तरतं, हे मला नको सांगूस, आणि मीही तुला सांगत नाही. कुंडलिका नदीत आता मासा कमी का झाला, हे आमच्याकडच्या कोळ्यांना विचार. माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही 'नाही' जिंकलात. 'होय' कशाला म्हणायचं, ते कोणी ठरवलं नाही.

इथे बायच्या बोटाखाली खरी जागा आली आहे. ती समजायला खारेपाटातला बांध जवळून बघायला हवा. भरतीचं पाणी जिथवर चढतं त्या पातळीखालची ही शेतं आहेत. खाडी आणि भात यांच्यामध्ये मातीचा एक बांध असतो आणि त्यात जागोजागी 'उघडी' म्हणजे झडपेचं दार बसवलेलं असतं. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब उघडीचं दार बाहेर ढकलतो आणि पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला बाहेरचं पाणी तेच दार घट्ट लावून घेतं. एवढ्या साध्या युक्तीवर अख्ख्या गावाचं भात उभं असतं. पण उधाणाच्या रात्री बांधाला कुठे खेकड्याचं बीळ असेल, कुठे माती खचलेली असेल, तिथे खांड पडते आणि खारं पाणी आत येतं. पूर्वी अशा वेळी गावातल्या प्रत्येक घरातून एक माणूस निघायचा. निळसर चिखलाची ढेकळं कापून हातोहात पुढे द्यायची आणि पुढच्या भरतीच्या आत खांड बुजवायची. या सामूहिक श्रमाला या भागात जोळ म्हणतात. वेळेत खांड बुजली नाही तर शेतात मीठ बसतं, उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी साय फुटते आणि पुढची काही वर्षं पावसाने ते मीठ धुऊन निघायची वाट बघावी लागते.

बाय : आपल्या वाटणीतलं खाडीकडचं शेत आठवतं ना? खांड पडली तेव्हा अर्धा गाव मोर्चात, अर्धा कामाला गेलेला. ज्यांनी संमती दिली होती ते म्हणाले, आमचा आता संबंध नाही. जोळ निघालीच नाही. आता तिथे काय आहे?

दादा : कांदळवन.

बाय : आणि कांदळ तोडायला उच्च न्यायालयाची बंदी आहे. बंदी बरोबर आहे, कांदळ नसेल तर खाडीचा काठ राहणार नाही. पण सातबारा आपला, कर आपण भरायचा, आणि कांदळाला हात लावला तर गुन्हा. कंपनीने न घेतलेली जमीन खाडीने घेतली. लढ्याने वाचवलेली जमीन बांधाअभावी जाते, तिचा पंचनामा कोणी केला?

दादा : खारभूमी खात्याकडे आम्ही अर्ज दिले होते. 1979 चा खारभूमी कायदा आहे, सरकारी योजनेतले बांध सांभाळणं त्यांचंच काम आहे. निधी नाही म्हणून सांगायचे. पण बाय, या सगळ्याचं मूळ पाण्यात आहे, ते तूही मान्य करशील. सेझविरुद्ध आमचा सगळ्यात पक्का मुद्दा तोच होता. ही 22 गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात आहेत, सरकारच्या कागदावर ओलिताखाली येणारी आहेत, मग ती नापीक कशी म्हणता? म्हणून तर मतदान घ्यावं लागलं.

बाय : हो ना! मग मतदानानंतर ते ओलीत कुठे गेलं? भोगावतीवरचं हेटवणे धरण आपल्याच तालुक्यात आहे. त्याचं पाणी सिडकोच्या जलवाहिनीने उलवे, द्रोणागिरी, खारघरला पोचलं, पण कालवा आपल्या शेतापर्यंत आला नाही. शेताचं सोड, उन्हाळ्यात वाशी-शिर्की भागात प्यायला पाणी नसतं. एप्रिल-मेमध्ये वहिनी हंडे मांडून टँकरची वाट बघत बसते. ज्या मुद्द्यावर जिंकलात त्याच मुद्द्यावर पुढे कोणी भांडलं नाही.

दादा : भांडलो. पण सेझच्या वेळी राज्यभरातून माणसं आली, वर्तमानपत्रं आली, वाहिन्या आल्या. कालव्याच्या मोर्चाला पन्नास माणसं जमली तरी खूप. शत्रू समोर दिसत असला की गाव एक होतं. कालव्याची फाईल कुठल्या टेबलावर अडली आहे, हे दिसत नाही.

बाय : आणि तोवर पक्ष बदलतात. आपल्या एका ओटीवर चार पक्षांचे झेंडे लागलेत. 2022 आणि 2023 मध्ये पक्ष फुटले, तेव्हा काल एका व्यासपीठावर असलेले सख्खे भाऊ एकमेकांच्या हळदीला गेले नाहीत. जानेवारी 2025 मध्ये रायगडच्या पालकमंत्र्याचं नाव जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी स्थगित झालं. यांची भांडणं मिटेपर्यंत आपल्या बांधाची माती थांबते का?

दादा : तुमच्याकडे तरी पाणी आहे म्हणून तुला हे सुचतं.

बाय : त्याचसाठी सांगते. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले म्हणून रोह्याकडे भातानंतर दुसरं पीक उभं राहिलं. आता कालव्याचीही दुरवस्था आहे, आवर्तन वेळेवर मिळत नाही, पण ज्या घरात दुबार पीक झालं त्या घरातला माणूस दिवाळीनंतर मुंबईला पळाला नाही. दोन पिकांचं शेत कोणी सहज विकत नाही. एका पिकाचा हिशोब बघ. एकरी दहा क्विंटल भात धर. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये, म्हणजे सगळं मिळून 23,690. त्यातून बी, खत, ट्रॅक्टर, कापणीची मजुरी वजा कर. एवढ्यावर घर चालवून वर लढाही लढ म्हणतोस.

दादा : मग आता माझंही ऐक. तुमचं ते पाणी कुठून येतं? भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं. आणि भिऱ्याला ते मुळशीच्या धरणातून येतं. 1921 मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या मागे सत्याग्रह केला. तुरुंगात गेले, हरले, गावं बुडाली. तुमचं उन्हाळी भात कोणाच्या तरी बुडालेल्या भातखाचरांवर उभं आहे. म्हणून पाणी आलं की सगळं भलं होतं, असं मला पटत नाही. दर वेळी किंमत कोण देतं ते विचारावं लागतं.

बाय या ठिकाणी थोडा वेळ गप्प राहते, आणि ते योग्यच आहे. मुळशीचा सत्याग्रह धरणग्रस्तांच्या लढ्यांमधला अगदी सुरुवातीचा मानला जातो. सह्याद्रीच्या माथ्यावर हरलेल्या माणसांचं पाणी शंभर वर्षं पायथ्याच्या शेतात वाहतं आहे, आणि पायथ्याची माणसंही निर्धास्त नाहीत. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी 2012 च्या सुमारास माणगाव, रोहा, तळा तालुक्यांत भूसंपादनाची हालचाल झाली, तेव्हा सर्वहारा जन आंदोलनाने तिथे शेतकऱ्यांना आणि आदिवासींना उभं केलं. क्षेत्र कमी झालं, पण विषय संपला नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात ज्या 12 औद्योगिक नगरांना मान्यता दिली, त्यांत सुमारे सहा हजार एकरांचं दिघी बंदर औद्योगिक क्षेत्र आहे आणि ते याच भागात येतं.

बाय : खरं बोललास. मुळशीचं मलाही विसरता येणार नाही. पण त्यावरून एक गोष्ट तूही घे. तुझ्या लढ्यात सातबारावाला बोलतो. आमच्याकडे डोंगराला कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. इंग्रजांच्या काळापासून डोंगरउतारावरच्या दळी जमिनी कसतात, नावावर कागद नाही. 2006 चा वनहक्क कायदा आला, दावे दाखल झाले, कित्येकांचे अजून लटकलेले आहेत. जमिनीला भाव आला की त्यात त्यांचं काही नसतं, आणि लढा जिंकला की सत्कारातही ते नसतात. दिवाळी झाली की पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर जातात. भट्टीवाल्याने आगाऊ दिलेले पैसे फिटेपर्यंत परत येता येत नाही. जगण्याची झुंज म्हणायची तर आधी ती त्यांची म्हण.

दादा : कबूल. आमच्या खारेपाटातही बांधाच्या कामाला तेच यायचे. मोर्चात आमच्या मागे चालले, पण मागण्यांच्या कागदावर त्यांच्यासाठी एक ओळसुद्धा आम्ही लिहिली नाही.

बाय : मग आता सहीचं बोलू. 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत माझा हिस्सा तुझ्याइतकाच आहे. हक्कसोड मी देणार नाही. रुसू नको. मी हिस्सा सोडला तर उद्या दलालाला एकट्या तुझ्या मागे लागायचं. दोन सह्या लागल्या तर त्याला रोह्यापर्यंत यावं लागेल, आणि मी त्याला पहिला प्रश्न बांधाचा विचारीन. पण तुलाही एक वचन द्यावं लागेल. पोरांनी शिकून वेगळं काही करायचं ठरवलं, एखादा एकर द्यावासा वाटला, तर गद्दार म्हणायचं नाही. जमीन माणसासाठी असते.

दादा : एक एकर गेला की बांध तुटतो, बाय. खाजणात कोणाचं शेत एकट्याचं नसतं. वरच्याने सोडलं की खालच्याच्या शेतात खारं पाणी शिरतं. म्हणून मी कोणालाच विकू नका म्हणतो. तुला हट्ट वाटतो, मला ते बांधाचं गणित वाटतं. बाकी सही तू ठेव. तुझ्या वहिनीचंही नाव लावायचं म्हणतो.

बाय : ते आधी कर. मग बाकीचं बोलू.

भावाबहिणीचं इथे एकमत होत नाही आणि ते ओढूनताणून घडवून आणायचं कारण नाही. माझं मत मात्र सांगायला हवं. दादाचा लढा न्याय्य होता. अशा लढ्यांमुळेच 1894 चा भूसंपादन कायदा गेला आणि 2013 च्या कायद्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना 80 टक्के बाधितांच्या संमतीची अट आली. महाराष्ट्राचा 1961 चा औद्योगिक विकास कायदा वापरला की ती अट आडवी येत नाही, म्हणून रोह्यातल्या शेतकऱ्यांना अजून जागं राहावं लागतं. पण बायचा आक्षेप त्याहून मोठा आहे. राजकीय खळबळीत शेतकरी कुटुंबाचं सगळ्यात मोठं नुकसान अनिश्चिततेने होतं. जमीन जाणार की राहणार हे न कळता गेलेल्या वर्षांत बांध खचतो, कर्ज थांबतं, पोरगं शिक्षण सोडतं आणि जोळ मोडते. हे नुकसान कुठल्याही मोबदल्यात धरलं जात नाही आणि कुठल्याही विजयोत्सवात मोजलं जात नाही.

म्हणून पेण आणि रोह्यात नवी अधिसूचना लावण्याआधी सरकारने जुनी देणी फेडावीत. हेटवणेच्या लाभक्षेत्रातल्या शेवटच्या शेतापर्यंत कालवा न्यावा. खारभूमीच्या बांधांना दर पावसाळ्याआधी निधी द्यावा आणि खांड पडून कांदळ वाढलेल्या जमिनींच्या मालकांना त्यांची भरपाई द्यावी. दळी जमिनींचे वनहक्क दावे निकालात काढावेत. जमिनीच्या प्रत्येक संमतीपत्रावर घरातल्या बाईची सही बंधनकारक असावी. संघटनांनीही मोर्चाइतकीच ताकद कालव्याच्या फाईलमागे लावावी. आणि उलवे, द्रोणागिरी, खारघरमध्ये राहणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या नळाला येणारं पाणी ज्या तालुक्यातून येतं तिथली बाई एप्रिलमध्ये टँकरसाठी थांबलेली असते. तिच्या पाण्याची मागणी तुमच्या तोंडून आली, तर ती सरकारला ऐकावी लागेल.